झऱ्याकाठी कोरडं लुगडं

कोल्हापूरला मी पोहायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत भलतीच बातमी पसरली आहे. मी गेले होते लेकीकडे. रेवतीच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, फोनवर सारख्या म्हणायच्या, "ईनबाई, एकदा या की वो आमच्याकडं. झरा बघायला या."

आता झरा काय बघायचा? लोक अंबाबाई बघायला बोलावतात, पन्हाळा बघायला बोलावतात. पण मी पडले लातूरकडची. आमच्याकडे पाणी ही बघायचीच वस्तू आहे. आमच्या टाकीला मी कुलूप लावते आणि किल्ली कमरेला ठेवते. विहिरीत वाकून बघितलं तर तळाशी चपला आणि फुटक्या बादल्या दिसतात. त्यामुळे पाणी म्हणजे जपून वापरायचं, आणि खोल असेल तर लांब राहायचं, एवढंच मी लेकीला शिकवलेलं. ती लहानपणी गावच्या हौदात पाय सोडून बसली होती, तर मी तिला वेणीला धरून उठवलं होतं.

माझं शिलाईचं दुकान आहे. मी चार दिवस शटर ओढलं आणि निघाले. विहीणबाईंनी सांगितलं होतं, "येताना लेकीसाठी एक साधं सुती लुगडं आना. हिथंच नेसायचं हाय तिला." मी मनात म्हटलं, साधं कशाला? आम्ही काय भिकेला लागलोय? लाल रेशमी, रुंद काठाचं लुगडं घेतलं. दुकानदार शपथेवर म्हणाला, रंग पक्का. मीही माझ्या गिऱ्हाइकांना असंच शपथेवर सांगत असते, तरी विश्वास ठेवला.

कोल्हापूर

सकाळी उतरले. न्यायला जावईबापू आले होते, सुजित. अबोल मुलगा, पण बोलला की ठोसा मारल्यासारखा बोलतो. म्हणाला, "आई, चहाच्या आधी दूध पिऊया."

मला वाटलं एखादं हॉटेल असेल. बघते तर भर चौकात म्हशी उभ्या! लोक पेला घेऊन रांगेत, आणि गवळी समोरच धार काढून पेला भरून देतोय. वर फेसाचा डोंगर. मला म्हणाला, "घ्या पावणं, गरम हाय." गरम म्हणजे चुलीवरचं नव्हे, म्हशीतलं! मी आजपर्यंत दूध तीनदा उकळल्याशिवाय प्यायले नाही. डोळे मिटून प्यायले. चांगलं होतं, हे कबूल करताना मला जड जातंय.

तिथून गाडी नदीच्या घाटावर थांबली. जानेवारीची थंडी, मी शाल गच्च आवळून उभी, आणि खाली माणसं नदीत! पोरंबाळं नव्हे, चांगली पिकल्या मिशांची माणसं. कोण उताणा, कोण पालथा, कोण पाण्यातच उभा राहून उसाच्या दरावर वाद घालतोय. इतक्यात माझ्या आईच्या वयाच्या एका आजीबाईंनी काष्टा घट्ट खोचला, चष्मा काढून पायरीवर ठेवला आणि धबाक्कन उडी मारली.

"माय गं!" मी ओरडले. "अहो, धरा तिला कुणीतरी!"

कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आजी पलीकडे जाऊन परत आली आणि चष्मा घालून मला म्हणाली, "काय झालं वो पावणं? पडलासा का?" आमच्याकडे एवढ्या वयाची बाई न्हाणीत घसरली तर अख्खी गल्ली गोळा होते.

सुजित हसत होता. म्हणाला, "आई, आमच्याकडं पोरगं चालाय लागलं की पवायला टाकत्यात. मला बाबांनी पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून." पांगिऱ्याचं लाकूड हलकं असतं, तरंगतं, हे त्याने नंतर समजावलं. मला तेव्हा फक्त 'ढकलून' ऐकू आलं.

"आणि तुमच्या आई? त्या काही बोलल्या नाहीत?"

"आई खाली पाण्यात हुती की. झेलायला."

गाडीत बसल्यावर मी त्या मुलाकडे नव्या नजरेने बघितलं. अशा घरात मी मुलगी दिली होती.

शाहूवाडीकडचं गाव

गाव डोंगराच्या कुशीत. भातं निघालेली, खाचरं मोकळी, कुठेतरी गुऱ्हाळ चालू असावं, कारण वाऱ्यावर काकवीचा वास येत होता. आमच्याकडे जानेवारीत जमीन भेगाळायला लागते. इथे रस्त्याकडेच्या नाल्यातून स्वच्छ पाणी उगाच वाहून चाललं होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मला गाडी थांबवून त्याखाली बादली लावावीशी वाटली, खरंच सांगते.

विहीणबाईंचं नाव शालन. आवाज असा, की अंगणातून हाक मारली तर डोंगर ओ देईल. "आलासा? दमलासा? पाय धुवा, च्या घ्या, बसा!" हे सगळं एका दमात. मी पेला उचलून ठेवायला गेले तर हातातून हिसकावला. "ऱ्हाऊ द्या! तुमी पावणं." ताट उचलायला गेले, "पावणं, बसा गप." अंथरूण घालायला गेले, तेच. कौतुक वाटलं, नाही कशाला म्हणू.

पण एक गोष्ट खटकली. रेवतीने कोपऱ्यातली पितळी घागर उचलली, तर शालनबाईंनी तीही काढून घेतली. "तू ऱ्हाऊ दे बाळ. मी आन्ते पाणी." वर्ष होत आलं तरी पोरीला पाण्याची घागर उचलू देत नाहीत, किती लाड, असं मी म्हटलं. रेवतीचं तोंड मात्र एवढंसं झालं. मी ते बघितलं, पण अर्थ लागला नाही.

रात्री जेवायला खेकड्याचा रस्सा, तांदळाची भाकरी आणि खर्डा. वाटीत खेकडा आख्खा, नांग्यांसकट, माझ्याकडे बघत बसलेला. आम्ही ज्वारीची भाकरी आणि वरण खाणारी माणसं. मी विचारलं, "याला धरायचं कुठून?"

रेवतीने माझ्या वाटीतला खेकडा उचलला, नांगी कडाडून मोडली, गर काढून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "आता खा की गं."

*की गं.* माझी लेक 'की' लावून बोलायला लागली होती! मी विचारलं, "तुला आवडतं हे?" तर म्हणते, "व्हय." मग जीभ चावून, "हो, हो." मी खेकड्यापेक्षा त्या 'व्हय'नेच जास्त हादरले. नऊ महिने पोटात, पंचवीस वर्षं घरात, आणि वर्षभरात 'व्हय'!

झऱ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झऱ्याकडे निघालो. मी म्हटलं, आंघोळ तिथेच उरकू. टॉवेल, तांब्या, साबण घेतला.

झरा मात्र बघण्यासारखा आहे, खोटं बोलणार नाही. काळ्या कातळात एक उभी कपार आणि तिच्यातून पाणी येतं. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला दगडी पन्हळीतून बाजूला काढलंय, तिथे बायका घागरी भरतात. उरलेलं खाली बांधीव कुंडात पडतं, आणि कुंड भरून वाहिलं की शेतात जातं. कुंड मोठं, हिरवं-निळं, तळाचा खडा न् खडा दिसेल इतकं स्वच्छ. थंडीत पाणी कोमट असतं म्हणे, आणि खरंच वर वाफ तरंगत होती. एवढं पाणी, आणि कुलूप नाही!

मी पायरीवर बसले आणि साबणाची डबी उघडली मात्र.

"ओऽऽ पावणं! साबण आत ठेवा! आत ठेवा पयला!"

चहूबाजूंनी बायका ओरडल्या. मी इतकी दचकले की साबण हातातून निसटला. पाण्यात पडण्याआधी शालनबाईंनी तो हवेतच झेलला, जशा त्या पोराला झेलत असाव्यात. या पाण्यात पोहायचं, डुंबायचं, उड्या मारायच्या, पण साबण लावायचा नाही, चूळ भरायची नाही. मी म्हटलं, पाण्यात माणसं चालतात आणि साबण नाही? "माणूस मळका नस्तो वो," शालनबाई म्हणाल्या, "साबण मळका."

आणि तेवढ्यात मागून रेवती आली.

तिच्या अंगावर मी शिवलेला सलवार-कुर्ता होता. सात-आठ महिन्यांपूर्वी तिने फोनवर सांगितलं होतं, आई, एक ड्रेस शिव. नाडी नको, इलॅस्टिक घाल. घेर कमी, ओढणी नको, कापड पटकन वाळणारं घे. मला वाटलं शेतातल्या कामासाठी. दुहेरी शिलाई मारून, जीव लावून शिवला होता. ती तो घालून सरळ पायऱ्या उतरली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग तिचे पाय टेकेनात.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. रेवती सांगते, मी तिच्या सासूला शिव्या दिल्या. देवाचीही गय केली नाही म्हणे.

पोरगी हात मारत काठाला आली. पोहत आली! म्हणजे मी माझ्या हाताने लेकीला बुडायचे कपडे शिवून पाठवले होते?

मग शालनबाईंनी मला बसवलं आणि सगळं उलगडलं. या गावात नवी सून कुंड पोहून पार करते, कपारीच्या तोंडाशी जाते आणि तिथलं पाणी ओंजळीने पिते. मग ती घरची. तोवर ती पाहुणीच. तिला घागर उचलू द्यायची नाही, पाण्यावर एकटी धाडायची नाही. आणि ती उतरते त्या दिवशी माहेरचं माणूस काठावर कोरडं लुगडं घेऊन उभं पाहिजे. रेवती सासूकडून इथेच पोहायला शिकली होती, पण माहेरचं माणूस नसेल तर कुंड पार करायचं नाही.

"म्हंजे मला झरा बघायला नाही बोलावलं?"

"झरा बी बघा की," शालनबाई म्हणाल्या.

मी उठले. "माझ्या लेकरानं पाणी पिण्यासाठी जीव धोक्यात घालायचा? माझ्या घरी चार दिवसांनी नळ येतो, पण पाणी पाजायला मी पोरीला बुडवत नाही. रेवती, सामान आवर. चल घरी."

रेवती भिजलेली, कुडकुडत उभी. तिचा आवाज चढला नाही, तेच मला लागलं. "आई, वर्ष झालं मी या घरात पाहुणी आहे. सगळे गोड बोलतात, आणि कुणी मला काम सांगत नाही. अजून किती दिवस राहू अशी? तू लुगडं धरून फक्त उभी राहा ना गं."

"मला नाही जमायचं."

ती वळली आणि कपडे बदलायला गेली.

त्या दिवशी संध्याकाळी

कुणी भांडलं नाही, याचाच मला राग येत होता. भांडले असते तर मला बोलता आलं असतं. जेवण नेहमीसारखं, 'पावणं' नेहमीसारखं. शेवटी शालनबाई पानाचा डबा घेऊन माझ्याजवळ ओसरीवर बसल्या.

"ईनबाई, तुमी न्हाई म्हटलासा तर न्हाई. जबरदस्ती न्हाई आमच्याकडं."

"पण ही असली पद्धत काढली कुणी?"

त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "लई मागं एक नवी सून घागर घिऊन गेली. पावसाळ्याचं दिस, शेवाळ झालतं. पाय सरकला. पवता येत नव्हतं तिला, आणि कुनाला ठावंच नव्हतं की येत न्हाई म्हनून. घागर तेवढी तरंगताना घावली. तवापास्नं, जिला पवता येत न्हाई तिला आमी पाण्यावर धाडत न्हाई. आणि माहेरच्याला हुबं करतो, त्येनी डोळ्यानं बघून जावं म्हनून. आपली पोरगी बुडायची न्हाई, ह्ये बघून जावं."

मी पानाचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

"माझी आय आली नव्हती," त्या म्हणाल्या. "भ्याली. दोन वरसं मी माझ्याच घरात पावणी. चुलीम्होरं बसायची, पर पाणी दुसऱ्यानं आनल्यालं. लई वंगाळ वाटतं वो ते."

हे सगळं त्या अशा आवाजात सांगत होत्या, की मला आधी कळलंच नाही की हाच तो डोंगर हलवणारा आवाज. मी लुगड्याची पिशवी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी लाल रेशीम बघून कपाळाला हात लावला. "साधं सुती म्हटलं हुतं की मी!"

तिसरा दिवस

ऊन वर आल्यावर गेलो. काठावर गावच्या पाचसहा बायका जमलेल्या, सुजित पायरीवर. मला एका दगडावर उभं केलं आणि दोन्ही हातांवर घडी घातलेलं लाल लुगडं. मी अंबाबाईपासून आमच्या खंडोबापर्यंत सगळ्यांना कामाला लावलं होतं.

रेवती उतरली. एकदा माझ्याकडे बघितलं. मी हसायचा प्रयत्न केला, तो रडका झाला असावा. मग ती निघाली. हात लांब टाकत, पाय मारत, कुंडाच्या मध्यापर्यंत. मला नाही म्हटलं तरी अभिमान वाटला. कुर्त्याची शिलाईसुद्धा छान दिसत होती.

आणि मध्यावर ती थांबली. उताणी झाली. हात पसरले, डोळे मिटले, केस पाण्यावर पसरले, आणि ती हलेना.

आता हे लिहिताना मला ठाऊक आहे की दमल्यावर माणूस पाण्यावर असं पडून विसावा घेतो. तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण मी ज्या गावची, तिथे पाण्यावर उताणा पडलेला माणूस मी एकदाच पाहिला होता, आणि त्याला चौघांनी उचलून नेलं होतं.

मी उडी मारली, असं सगळे सांगतात. मला एवढंच आठवतं की नाकात पाणी गेलं, पायाखाली काही नव्हतं, आणि सगळीकडे लाल. लुगडं माझ्या हातातच होतं, आणि त्या मेल्या दुकानदाराचा पक्का रंग धाग्याधाग्याने सुटत होता.

"रगात! ईनबाईंचं डोस्कं फुटलं!" ही शालनबाईंची किंकाळी. आयुष्यात पाण्याला न भ्यालेली ती बाई तेव्हा खरी घाबरली. चपलांसकट त्यांनी पाण्यात उडी घेतली. पण त्यांच्या आधी एक हात माझ्या काखेत आला, आणि कानाशी आवाज आला.

"आई, मला धरू नकोस. सैल सोड. मी धरलंय."

मी कसली सैल सोडते? मी तिच्या कुर्त्याला असा काही विळखा घातला, की दुसऱ्या कुणाची शिलाई असती तर तिथेच उसवली असती. ती ओरडली, "आई! ऐक!" लहानपणी मी तिला ओरडायची ना, तस्साच सूर. मी सोडलं. तिने मला उताणी केली, हनुवटीखाली हात घातला आणि ओढत नेलं. वर आभाळ होतं, कानात पाणी, आणि मी बुडत नव्हते.

जवळचा काठ कपारीचा होता. तिने मला तिथल्या दगडावर टेकवलं. दोघी धापा टाकत होतो. मी तिच्या तोंडावरून, डोक्यावरून हात फिरवत होते आणि एकच विचारत होते, "तू मेली नाहीस ना? मेली नाहीस ना?"

"नाही गं. विसावा घेत होते."

मी तिला एक चापट मारली आणि मिठी मारून ढसाढसा रडले. तिने कपारीखाली ओंजळ धरली, स्वतः प्यायली, मग मला पाजली. पाणी गोड होतं. एवढं पाणी नाकातोंडात जाऊनही मला तहान लागली होती.

तोवर शालनबाई पोहत पोहोचल्या. माझं डोकं चाचपलं, फुटलेलं नाही म्हटल्यावर हातातला लाल बोळा बघितला, मग पाण्यातला रंग बघितला. "साबण चालत न्हाई म्हटलं, तर ह्येनी रंगपंचमीच केली!" काठावरच्या बायका पोट धरून हसत होत्या. कोरडं लुगडं कुणापाशीच नव्हतं. सुजितने कडेकडेने आणून दिलेल्या शालीत आम्ही तिघी एकाच वेळी शिरायला बघत होतो, आणि माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ते अजून पुरते गेलेले नाहीत.

निघायच्या सकाळी

उठले तर ओसरीवर चहा आलेला नव्हता. थोडा वेळ वाट बघितली. मग आतून डोंगराएवढी हाक आली.

"ईनबाई! उठलासा न्हवं? मग च्या टाका की! दूध फळीवर हाय. मला धारा काढायच्यात, मी किती ठिकाणी पुरू?"

मी उभीच राहिले. मला, विहिणीला, काम? मग ध्यानात आलं, काल कपारीखालचं पाणी मीही प्यायले होते.

मी चुलीपाशी गेले. आधण ठेवलं. परसदारातून रेवती बाहेर पडली, कमरेवर पितळी घागर. एकटीच. झऱ्याची वाट उताराची, दवाने ओली. 'हळू जा, पाय सरकेल' असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती वळणाआड गेली. मागे वळून बघितलं नाही तिने, बघायचं कारणही नव्हतं. चहा उतू गेला तो मला शालनबाईंच्या ओरडण्यानेच कळला.

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका माझे लाल हात बघून विचारतात, "काय हो, तुम्हाला म्हणे पोहायला येतं?"

मी सांगते, "मला नाही. माझ्या लेकीला येतं."